उपवासाचं रक्त

॥ श्री ॥

सावनेर,
६ जानेवारी १९७९

चि. देवराव यास यमुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल उमरेडहून परत आले. भैय्याजींची तब्येत हळूहळू सुधारते आहे. भिंतीला धरून अंगणापर्यंत येतात. उजवा हात अजून ऐकत नाही, आणि तोंड एका बाजूला ओढल्यामुळे बोलणे लवकर कळत नाही. चहात साखर कमी पडली तर तेवढे मात्र स्पष्ट सांगतात. आपल्या तिघांत थोरले ते, साऱ्या उमरेडच्या विणकरांना धाकात ठेवणारे, आणि आता भाताचा घास डाव्या हाताने उचलताना पाहून मी परसात जाऊन उभी राहिले. असो.

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. नागपूरला धंतोलीत ज्या डॉक्टरांनी भैय्याजींवर उपचार केले, त्यांनी मला बसवून सगळे नीट समजावले. रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा एक चरबीसारखा पदार्थ असतो. तो फार वाढला की रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला थर धरतो. मेंदूकडे जाणारी वाट अडली तर अर्धांग, हृदयाकडची अडली तर हार्ट अटॅक. काही घराण्यांत हे पिढीजात असते, म्हणून त्यांनी सांगितले की भावंडांचे रक्त तपासून घ्या. तपासणीने भविष्य कळत नाही, पण धोका किती आहे याचा अंदाज येतो आणि वेळेवर सावध होता येते.

आई गेली तेव्हा तू लहान होतास. ओसरीत सुताच्या कांड्या भरता भरता ती आडवी झाली आणि उठलीच नाही. नजर लागली असे तेव्हा सगळे म्हणाले. मला आता तसे वाटत नाही.

तर संक्रांतीच्या आत धंतोलीला जाऊन रक्त देऊन ये. देवी टोचणारा डॉक्टर आला तेव्हा तू हातमागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यात लपून बसला होतास आणि संध्याकाळी ठोका मारायला बसलेल्या बाबांच्या पायाला लागलास, हे मी विसरलेली नाही. आता तू लपशील असा खड्डा नागपुरात कोणी खणलेला नसेल.

माझी काळजी नको. एक वेळ जेवते, सकाळी उठून सडा घालते, शाळेतून निवृत्त झाल्यापासूनही एक दिवस अंथरुणात काढलेला नाही.

सौ. वच्छलेस आशीर्वाद. तुझ्या उत्तरावर माझा लोभ किती ठेवायचा ते ठरेल.

तुझी,
यमुताई

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर,
१२ जानेवारी १९७९

ती. यमुताईच्या पायी देवरावचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भैय्याजीले चालता येऊन राहिलं हे वाचून जीव भांड्यात पडला. म्या तं आठवड्याच्या आठवड्याले उमरेडले जातो, पण मले पाहून तो रडते, अन् त्याले पाहून म्या रडतो, अन् मंग वहिनी दोघायलेही रागावते.

आता रक्ताचं. ताई, तू म्हणतेस म्हून म्या जाईनच, पण हे दिवस लई खराब आहेत. लगीनसराईचं सूत येऊन पडलं, गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसून राहते. अशात रक्त काढलं अन् अशक्तपणा आला तं गठ्ठे उचलन कोण. दुसरं म्हंजे संक्रांत. सणाच्या तोंडावर रक्त काढू नये असं आमच्या शेजारच्या दुकानातले मधुकरराव म्हणतात. ते महिन्याच्या महिन्याले आरोग्याचं मासिक मागवतात. त्यायनं माहे नखं पाह्यले, जीभ पाह्यली, कानाची पाळी ओढून पाह्यली, अन् सांगतलं का या मानसाले काही होत नाही. त्यायच्या मते भैय्याजीचं जे झालं ते कांदा न खाल्ल्यानं झालं. म्या तं कांदा भरपूर खातो.

सुईले म्या भीत नाही. उगीच तसं मनात आणू नको. मागाच्या खड्ड्याची गोष्ट तू वच्छलेले काहून सांगतली ते मले कळलं नाही. ती आता दुकानात येनाऱ्या मानसायलेही सांगून राहिली.

तिळाचे लाडू पाठवतो. तुपात बांधले आहेत, जपून ठेवजो. तुह्या लोभावाचून इथं काही चालत नाही हे तुले माहीत आहे, म्हून धमकी देत जाऊ नको.

तुहा,
देवराव

सावनेर,
१६ जानेवारी १९७९

सौ. वच्छला हिस अनेक आशीर्वाद.

लाडू पोचले. चांगले झाले आहेत. देवरावचे पत्रही पोचले, ते चांगले झालेले नाही.

तुझ्या नवऱ्याला धंतोलीला नेण्याचे काम मी तुझ्यावर सोपवते. त्याला तारीख सांगू नकोस, आदल्या रात्री सांग. मधुकररावांनाही त्या दिवशी काहीतरी काम काढून दे. रक्त द्यायच्या आधी उपास हवा असे डॉक्टर म्हणाले होते, तेवढे लक्षात ठेव.

तू हे पार पाडशील याबद्दल मला शंका नाही. लोभ तुझ्यावर आधीपासूनच आहे, त्याला परीक्षा नाही.

यमुताई

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर,
२९ जानेवारी १९७९

ती. ताईच्या चरणी देवरावचा दंडवत.

ताई, तुह्या भावानं रक्त देल्लं. आता खुश हो.

अन् ऐक, जे झालं ते असं झालं का सांगतानाही मले संकोच वाटून राहिला. सुई टोचली तं म्या हूं का चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायले गेलो तं लॅबोरेटरीतल्या साहेबानं मले आत बलावलं. एक काचेची नळी हातात देल्ली. खाली लाल, अन् वरतं पांढरंशुभ्र, दुधासारखं. ते म्हणाले का असं रक्त त्यायनं क्वचितच पाह्यलं. दुसऱ्या दोघायलेही बलावून दाखवलं. एका शिकाऊ पोरीनं तं वहीत लिहून घेतलं.

मले वाटते का हा आपल्या घरच्या खाण्यापिण्याचा गुण आहे. लहानपणी आईनं म्हशीचं दूध पाजलं ते वाया गेलं नाही. मधुकररावायले सांगतलं तं तेही म्हणाले का पांढरं म्हंजे शुद्ध.

आकडा काही त्यायनं अजून देल्ला नाही. आणखी एकदा या म्हणाले. अशा रक्ताचा एका खेपेत अंदाज येत नसन.

तुहा लोभ या रक्तासारखाच घट्ट राहू दे.

देवराव

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर,
२९ जानेवारी १९७९

ती. गं. भा. यमुताई यांस वच्छलेचा कृ. शि. सा. न. वि. वि.

यांनी तुम्हाला आजच पत्र टाकले आहे असे कळले. टाकून आले तेव्हा चेहरा फार प्रसन्न होता, म्हणून मी लगेच लिहायला बसले.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आदल्या रात्रीच सांगितले की सकाळी धंतोलीला जायचे आहे आणि उपास आहे. एवढे सहज कबूल झाले की मला वाटले, बरे झाले. चूक माझी एवढीच की उपास म्हणजे काय हे मी विचारले नाही, आणि यांनीही विचारले नाही.

पहाटे मला जाग आली ती साबुदाण्याच्या वासाने. मी उठून पाहते तर हे स्वतः चुलीपाशी बसलेले. म्हणाले, आज उपास आहे ना, तुला कशाला त्रास. साबुदाण्याची उसळ केली होती, तुपात. सोबत शिंगाड्याचा शिरा, तोही तुपात. शेंगदाण्याचे लाडू डब्यातून काढले. देवापुढे बसून सगळे अगदी श्रद्धेने खाल्ले. मी आंघोळीला गेले होते, तोवर उरकले. मला म्हणाले की कडक उपास आहे, मीठसुद्धा सैंधव घातले. मला तरी कुठे ठाऊक होते, ताई. मलाही वाटले, उपास तर केला आहे. वाटेत सायकलरिक्षा थांबवून केळी घेतली.

धंतोलीत लॅबोरेटरीच्या बाकावर शेजारच्या माणसाला हे सांगत होते की उपासाचे काही वाटत नाही, सवय असली पाहिजे. आत बोलावले. सुई दिसली तशी यांनी माझा हात धरला. हिरव्या बांगड्या होत्या त्यातल्या दोनच आता हातात आहेत. सुई टोचायच्या आधीच हे बाजूच्या खुर्चीवर कलले. त्या खुर्चीवर काटोलचे एक वृद्ध गृहस्थ बसलेले होते. त्यांना काही लागले नाही, पण ते रक्त न देताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नळीत वरचा भाग दुधासारखा दिसला हे खरे. लॅबोरेटरीतल्या साहेबांनी विचारले की येताना काय खाल्ले होते. यांनी छाती काढून एकेक पदार्थ सांगितला. शिऱ्यात तूप किती, तेही सांगितले. साहेब खुर्चीत बसले. मग म्हणाले की रक्तातली सगळी चरबी वर तरंगते आहे, तपासायचे काय, यात पोळी बुडवून खाता येईल. त्या मुलीला त्यांनी वहीत लिहून घ्यायला सांगितले ते हे, की पेशंटला उपास करा असे कधी म्हणायचे नाही, पाण्याशिवाय तोंडात काही घालू नका असे म्हणायचे.

मला हसू आले, आणि घरी आल्यावर भीतीही वाटली. ताई, हे जिना चढताना आताशा दम टाकतात. भैय्याजींचा हात पाहिला की माझी नजर यांच्या हाताकडे जाते. हे गमती करतात त्या भीतीपोटीच करतात, हे तुम्हालाही कळते.

आपला हात आमच्या पाठीवर असू द्यावा.

आपली,
वच्छला

॥ श्री ॥

सावनेर,
२ फेब्रुवारी १९७९

चि. देवराव यास आशीर्वाद.

तुझे शुद्ध रक्ताचे पत्र वाचले. त्याच टपालाने आलेले दुसरेही वाचले.

तीस वर्षे मी पोरांना शब्दांचे अर्थ शिकवले आणि घरातच एक शब्द शिकवायचा राहिला. उपास देवासाठी असतो, त्यात शिरा चालतो. डॉक्टरसाठी उपाशी राहायचे असते, त्यात शिरा चालत नाही. रात्रीच्या जेवणानंतर सकाळी रक्त देईपर्यंत फक्त पाणी. केळे हे पाणी नव्हे. चहा हे पाणी नव्हे. ताक हेही पाणी नव्हे, हे आधीच लिहून ठेवते.

तुला हसण्यावारी न्यायचे असेल तर ने. पण वच्छला रात्री झोपत नाही एवढे तुला सांगते. आणि मीही झोपत नाही. मला एकच भाऊ धडधाकट उरला आहे.

पुन्हा जा. त्यानंतर मला पत्र लिही. तोवर लोभ कुलपात ठेवला आहे.

यमुताई

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर,
१४ फेब्रुवारी १९७९

ती. ताईच्या चरणी देवरावचा सा. न.

गेलो होतो. उपाशी गेलो होतो. वच्छलेनं रात्रीच साऱ्या डब्यायले कुलूप लावलं, अन् किल्ली पदराले बांधून झोपली. सकाळी धंतोलीच्या रस्त्यानं जाताना एका हाटेलात तर्री-पोहे चालू होते. त्या वासानं माह्या डोळ्यायले पाणी आलं. वच्छलेले वाटलं भैय्याजीची आठवण आली, तिनं पाठीवर हात फिरवला. म्या फिरवू देल्ला.

रक्त देल्लं. या खेपेले पांढरं काही निघालं नाही. आकडा आला दोनशे शहाऐंशी. डॉक्टर म्हणाले का अडीचशेच्या आत पाह्यजे. ब्लडप्रेशरही थोडं चढतं निघालं. मले पयले वाटलं, छत्तीसनंच तं जास्त आहे, बाजारात एवढं वरखाली होतेच. पण त्यायनं कागदावर रक्तवाहिनी काढून दाखवली, अन् भैय्याजीची कोणती बंद पडली ते सांगतलं, तं मंग म्या तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तूप बंद. मटणाची तर्री बंद. अंड्याचा पिवळा भाग बंद, पांढरा चालते, पण त्याले काय चव आहे. करडईचं तेल आणलं. रोज पायी चालनं. मधुकरराव म्हणाले का आकड्यावर विश्वास ठेवू नका, तं पयल्यांदाच म्या त्यायच्या दुकानातून उठून आलो.

आता जे लिहितो ते नीट वाच. डॉक्टरनं मले विचारलं का घरात कोणाच्या पापण्यायच्या कोपऱ्यात पिवळे चट्टे आहेत का, भैय्याजीले आहेत तसे. म्या म्हटलं, मले नाहीत, पण आमच्या ताईले आहेत, अन् आईलेही होते. आई त्यायले हळदीचे थेंब म्हणे. डॉक्टरनं पेन खाली ठेवला. म्हणाले का ते चट्टे म्हंजे कातडीत साचलेली चरबी असू शकते, अन् ताईचं रक्त कवा तपासलं.

म्या म्हटलं, मले ठाऊक नाही. तू आमच्या दोघायच्या रक्तासाठी एवढी पत्रं लिहिली, अन् तुहं रक्त कसं आहे हे आमच्यातल्या कोणीच विचारलं नाही.

आता तू ये. तारीख सांग, म्या घ्यायले येतो. तुहा लोभ कुलपातून काढ अन् बॅगेत भर.

देवराव

॥ श्री ॥

सावनेर,
१९ फेब्रुवारी १९७९

चि. देवराव यास आशीर्वाद.

पत्र वाचून समाधान झाले. कोलेस्टेरॉल हा शब्द तू चुकेल या भीतीने एकदाही लिहिला नाहीस, म्हणून आकड्यापुढे तो मीच लिहून ठेवला आहे. तूप सोडलेस हे उत्तम. चालणे रोज ठेव.

माझ्या येण्याचे म्हणशील तर आत्ता जमत नाही. वार्षिक परीक्षा जवळ आल्या, शेजारच्या मुली गणित शिकायला येतात. अंगणात गहू वाळत घातला आहे. शिवाय माझ्यासारख्या वाळक्या बाईच्या अंगात चरबी येईल कोठून. एक वेळ जेवते, तेही भाकरी आणि पालेभाजी. चट्टे म्हणशील तर ते वयाचे. कधी जेवल्यावर छातीत जळजळते, ते पित्त, त्याला आवळा घेते.

तुम्ही दोघे जपा. माझे ठीक आहे. उगाच एसटीचे धक्के खायला लावू नकोस.

लोभ बॅगेत भरलेला नाही, पाकिटातून पाठवला आहे.

यमुताई

सावनेर,
२६ फेब्रुवारी १९७९

सौ. वच्छला हिस देवरावचे आशीर्वाद, तू मानत नसलीस तरी.

दुकान एकटीनं सांभाळून राहिलीस, त्याबद्दल आभारी आहे. म्या दोन दिवसात येतो म्हणालो होतो, पण आता ताईले घेतल्याबिगर येत नाही.

तिले काही तरी झालं आहे, वच्छला. परवा तिच्यासंगं बाजारात गेलो. येताना जो चढ आहे, तिथं एका भिंतीवर कुस्तीच्या दंगलीची जाहिरात लागलेली आहे. ताई तिथं थांबली अन् वाचाले लागली. म्या म्हटलं, शाळेतली बाई आहे, दिसलं का वाचते. पिशवी घेऊन उभा राह्यलो. काल पुन्हा गेलो तं त्याच जागी थांबली, अन् तीच जाहिरात पुन्हा पयल्या ओळीपासून वाचली. तं म्या तिच्या तोंडाकडं पाह्यलं. तिचे डोळे अक्षरांवर नव्हते. एक हात छातीच्या मधात, पदराआड, दाबून धरलेला. कपाळावर घाम, अन् हवा तं थंड होती. थोड्या वेळानं रंग परतला, तशी म्हणाली का यंदा पहिलवान चांगले येऊन राहिले.

घरी आल्यावर विचारलं तं पित्त म्हणाली. म्या म्हटलं, पित्त चढावरच काहून येते, सपाटीवर काहून नाही. तिनं मले गप्प बसाले सांगतलं अन् गणिताच्या पोरींयले बलावलं.

मंग म्या माहा उपाय केला. बसस्टँडावरून आलुबोंडे घेऊन आलो, तेलानं कागद पारदर्शक झालेला. ओसरीत तिच्यासमोर बसलो. तिले सांगतलं का जेवढ्या वेळा तू नाही म्हणशील, तेवढे आलुबोंडे म्या खाईन. माहा आकडा तुले माहीत आहे. विचार करून नाही म्हण.

ती नाही म्हणाली. म्या खाल्ला. वच्छला, किती दिवसानं खाल्ला, पण खोटं सांगत नाही, पाण्याच्या घोटासंगं ढकलला. तिनं पुन्हा नाही म्हटलं. म्या दुसरा खाल्ला. गणिताच्या पोरी पाटी सोडून पाहून राहिल्या होत्या. तिसऱ्याले हात लावला तशी ताई उठली अन् सारा पुडा हिसकून अंगणात फेकला. माह्यावर ओरडली का तुले मरायचं आहे का. म्या म्हटलं, मरायचं नाही, म्हून तं आलो. अन् तू गेलीस तं मले कोण रागावन, हे सांग.

 तिनं अंगणातल्या गव्हाकडं पाह्यलं. मंग एका पोरीले सांगतलं का आईले म्हणावं, बाई चार दिवस नागपूरले चालल्या, गहू उचलून ठेवा. अन् मले म्हणाली का उपाशी म्हंजे रात्रीपासून फक्त पाणी, तेवढं मले ठाऊक आहे, तू शिकवू नको.

परवाच्या गाडीनं येतो. खालची खोली झाडून ठेव, तिले जिना चढू द्यायचा नाही. आलुबोंड्याचं डॉक्टरले सांगायचं का नाही ते तू ठरव. तुह्या मायेवर माहा भरवसा आहे.

देवराव

॥ श्री ॥

इतवारी, नागपूर,
३० मार्च १९७९

सौ. वच्छला हिस यमुताईचे अनेक आशीर्वाद.

कन्हानला सुखरूप पोचलीस हे कळले. भाचीचे लग्न आटोपल्याशिवाय परतू नकोस. इथे आम्ही दोघे एकमेकांवर पाळत ठेवून आहोत, त्यामुळे घर सुरक्षित आहे.

माझा आकडा तीनशे साठाच्या वर गेला तेव्हा तू समोरच होतीस. तू हसली नाहीस, देवरावही हसला नाही, हे मी लक्षात ठेवले आहे. कार्डिओग्राम पाहून डॉक्टर म्हणाले की हृदयाला रक्त कमी पोचते आहे, आणि छातीतला तो दाब पित्ताचा नव्हताच. वाळक्या अंगातही हे होते, ते रक्तातच येते, असे त्यांनी तुझ्यासमोर सांगितले. भीती मलाही होती. मी ती पित्त म्हणून गिळत होते. दुसरे काय सांगू.

तू गेल्यावर एक गोष्ट घडली. देवराव लिहीलच, पण त्याच्या लिहिण्यात ती वेगळी होईल, म्हणून मी आधी कळवते.

रोजच्यासारखे आम्ही आज संध्याकाळी शुक्रवार तलावाच्या काठाने फिरायला गेलो. हळू चालत होतो. देवराव फुटाणे खात होता, ते त्याला चालतात. अर्ध्या वाटेवर माझ्या छातीत दाब आला. समोर भिंतीवर जाहिराती पुष्कळ होत्या. माझे पाय थांबले, डोळेही तिकडे वळले. मग मला वाटले, आता पुरे झाले वाचणे. मी देवरावला सांगितले की छातीत दुखते आहे. एवढे साधे वाक्य, वच्छला, पण साठीपर्यंत माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते.

फुटाणे त्याच्या हातातून सांडले. पण मला त्याने अगदी नीट काठाच्या कट्ट्यावर बसवले, माझ्या पिशवीतून छातीच्या दुखण्याची गोळी काढली आणि जिभेखाली ठेवली. माझा हात धरला. तोपर्यंत सगळे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झाले. त्यानंतर तो रडू लागला. साधेसुधे नव्हे, ताई वं, ताई वं असा मोठ्याने. लोक जमले. मी गोळी तोंडात असल्यामुळे बोलू शकत नव्हते आणि शांत बसून होते. तो घामाने भिजलेला, लालबुंद झालेला, छातीवर हात मारून घेणारा. लोकांनी त्यालाच आडवे केले. एकाने सदऱ्याच्या गुंड्या काढल्या, एक जण वर्तमानपत्राने वारा घालू लागला. त्याने सांगायचा प्रयत्न केला की दुखणे माझे नाही, तर एका बाईने त्याला समजावले की भाऊ, घाबरू नका, सगळ्यांना असेच वाटते.

चौघांनी उचलून त्याला सायकलरिक्षात घातले. मी मागून जाऊन बसले, तर रिक्षावाला मला म्हणाला की बाई, तुम्ही खाली उतरा, पेशंटले मोकळं पडू द्या. तोवर गोळी विरघळली होती आणि दाबही ओसरला होता. मी वर्गातल्या आवाजात सांगितले की पेशंट मी आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, मग देवरावकडे पाहिले. त्याला ते पटले नाही, पण त्याने मला उतरवले नाही. साऱ्या वाटेने तो देवरावलाच धीर देत होता, आणि देवरावनेही मधून मधून हो हो म्हणून तो घेतला.

धंतोलीत दवाखान्याच्या दाराशी रिक्षा थांबली. डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि कोणाला काय झाले असे त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट दाखवले.

त्यांनी दोघांनाही आत घेतले. माझा कार्डिओग्राम पूर्वीसारखाच आहे, बिघडलेला नाही. दुखले तेव्हा सांगितले हे फार चांगले केले असे मला म्हणाले. देवरावचे ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा जास्त निघाले. त्याला एक गोळी आणि रात्रीपुरते स्वस्थ झोपण्याचा सल्ला मिळाला. सध्या तो आतल्या खोलीत पडून आहे आणि मी त्याच्यासाठी बिनतुपाची खिचडी टाकून हे पत्र लिहिते आहे.

सावनेरचे घर मी शेजारच्या मुलींच्या आईकडे सोपवले आहे. पावसाळ्यापर्यंत तरी इथेच राहीन म्हणते, तुला चालत असेल तर. देवरावला मी तसे अजून सांगितलेले नाही, पुन्हा रडेल.

तू आलीस की बोलूच. आमच्यावरचा लोभ वाढता ठेव. बाकी काही वाढू नये याची काळजी डॉक्टर घेत आहेत.

तुझी,
यमुताई